खाटेवरची साक्ष

कोर्टानं नेमणूक केली की बाररूममधली नवी मुलं माझं अभिनंदन करतात. "मॅडम, पुन्हा कमिशनर! चहा पाहिजे." त्यांना चहा पाजते आणि मनात म्हणते, कप्पाळ तुमचं, तुमची पाळी आली की कळेल. उन्हातान्हात कुणाच्या तरी बांधावर उभं राहायचं. दोन्हीकडची माणसं आपल्याला समोरच्याचा माणूस समजणार. कुणी तांब्या पुढे केला तर घ्यायचा की नाही याचाही विचार करायचा, कारण एकाच्या घरचं पाणी प्यायलं की दुसरा लगेच आपल्या वकिलाच्या कानाला लागतो. माझ्या पिशवीत माझी बाटली असते, माझी बिस्किटं असतात आणि अलीकडे गुडघ्याला बांधायचा पट्टाही असतो.

मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन सांगलीला आले. वडिलांना वाटायचं मी बँकेत लागावं. मी वकील झाले आणि वर कोर्टानं दिलेली कामंही घ्यायला लागले. ज्याला वकील परवडत नाही त्या आरोपीची बाजू मांडायची. आईबापच एकमेकांशी भांडतायत म्हणून त्यांच्या पोरांची पालक व्हायचं, तेवढ्या दाव्यापुरतं. आणि कमिशनर म्हणून जागेवर जाऊन पाहणी करायची, मोजणी करून घ्यायची, कोर्टात येऊ न शकणाऱ्या माणसाची साक्ष त्याच्या घरी बसून लिहून घ्यायची. माझे खासगी पक्षकार मला "आमच्या मॅडम" म्हणतात, आणि कोर्टाच्या कामात मी कुणाचीच नसते. माझे यजमान चिडवतात, "घरात तुझी नेमणूक कुणी केलीय, तेही एकदा सांगून टाक." हसते मी. पूर्वी उत्तर द्यायची, आता तेवढाही उत्साह राहिलेला नाही.

लोक विचारतात, एवढा कंटाळा येतो तर सोडत का नाही. येतोच कंटाळा. पण सगळ्या नेमणुकांत एकच अशी आहे जी डोक्यातून जात नाही. ती सांगते.

तासगावच्या बाजूचं गाव. दोन भाऊ. वाटणी झाली ती तोंडी, भावाभावात कागद कशाला म्हणून. रस्त्याकडचं रान थोरल्यानं घेतलं, ओढ्याकडचं मागचं धाकट्याला गेलं. मागं जायला थोरल्याच्या बांधावरून गाडीवाट ठेवायची, हेही तोंडीच ठरलं. धाकट्यानं मागं द्राक्षबाग केली. वर्षानुवर्षं त्या वाटेनं बैलगाडी गेली, मग ट्रॅक्टर गेला, द्राक्षाचे क्रेट भरलेल्या ट्रॉल्या गेल्या. पुढं धाकटा भाऊ छातीत दुखून गेला. थोरल्याला लकवा मारला आणि तो खाटेला लागला. कारभार थोरल्याच्या मुलाच्या हातात आला. त्यानं जेसीबी बोलावून वाटेवर आडवा चर मारला आणि चुलतीला सांगितलं, "वाट कुठं हाय? दाव सातबाऱ्यावर."

सातबाऱ्यावर नव्हतीच. धाकट्याची बायको कोर्टात आली.

द्राक्षबागेला वाट नसणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस झाला की दावण्या येतो. तो रोग थांबत नाही. आज फवारलं नाही तर उद्या घड जळतात. फवारायला ट्रॅक्टर आणि त्याच्यामागं ब्लोअर लागतो. ट्रॅक्टर आत जात नाही म्हटल्यावर बाई पाठीवरचा पंप घेऊन एकटी फवारायची. कितीही मरमर केली तरी पाठीवरच्या पंपानं एवढी बाग उरकत नाही. व्यापारी येऊन बाग बघायचा, माल आवडायचा, मग विचारायचा, गाडी कुठवर येते? डोक्यावर क्रेट वाहून रस्त्यावर आणावे लागतील म्हटलं की तो दुसऱ्या बागेत जायचा. वाट मिळाली तर बाग जगणार, नाहीतर जाणार. बाईचं सगळं त्या बागेवर होतं.

दाव्यात थोरल्या भावाचं शपथपत्र दाखल झालं होतं. त्यात लिहिलं होतं, अशी वाट कधीच नव्हती. आता त्याची उलटतपासणी व्हायची होती आणि तो तर खाटेवरून हलत नव्हता. म्हणून कोर्टानं मला कमिशनर नेमलं. घरी जा, दोन्ही वकिलांसमोर साक्ष लिहून घ्या, कागद कोर्टात आणून द्या.

मी गेले. मळ्यातलं घर, पुढं ओसरी, ओसरीवर खाट. म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत होते. उजवं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे जागे. सदरा धुतलेला होता, दाढी केलेली होती. कोर्ट घरी येणार म्हणून मुलानं बापाला नीट आवरून बसवलं होतं. एका बाजूला मुलाचा वकील, माझ्यापेक्षा ज्येष्ठ, शांत माणूस. दुसऱ्या बाजूला बाईचा वकील, नुकताच वकिलीत आलेला, कॉलर घट्ट लावलेला. बाई ओसरीच्या खांबाला टेकून उभी, डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत. आणि बाहेर आंब्याखाली भावकीतली चार माणसं उगाच येऊन बसलेली.

मी आबांना शपथ दिली. खरं सांगेन, दुसरं काही सांगणार नाही, नेहमीची. त्यांनी मान हलवली. लॅपटॉप मी नेत नाही, मळ्यात दिवसा वीज असेलच याचा भरवसा नाही. हातानं लिहायला लागले.

आबांचं बोलणं समजायला वेळ लागायचा. शब्द तोंडातल्या तोंडात गोळा व्हायचे. वकिलानं विचारलं की ते बराच वेळ घ्यायचे आणि मग मुलगा मध्येच म्हणायचा, "आबा म्हणत्यात की..." दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. "साक्षीदार तुम्ही आहात का? नाही ना? मग तोंडाला कुलूप लावा आणि तिकडं जाऊन बसा," मी म्हणाले. माझ्या आवाजानं आंब्याखालची माणसंही गप्प झाली. मुलगा तिकडं गेला नाही, फक्त एक पाऊल मागे सरकला.

मग तो प्रश्न आला. बाईच्या वकिलानं घसा खाकरून विचारलं, "मागच्या रानात जायला तुमच्या बांधावरून गाडीवाट होती की नव्हती?"

आबा छताकडे बघत राहिले. मी पेन धरून बसले.

तेवढ्यात मुलानं खिशातनं कागदाची पुडी काढली. भंडारा होता. गावाबाहेरच्या खंडोबाचा.

हे का, ते सांगायला हवं. दावा लावायच्या आधी बाई देवळात जाऊन सगळ्यांदेखत म्हणाली होती, "भावजींनी भंडारा उचलून सांगावं वाट नव्हती म्हणून. मी परत तोंड काढनार न्हाई." तेव्हापासून गावात तेच चाललं होतं. कोर्टात काय व्हायचं ते होईल, पण म्हातारा भंडारा उचलत नाही म्हणजे पाणी मुरतंय. मुलाला ते झोंबलं होतं. त्यानं आजचा दिवस साधायचं ठरवलं. कोर्टाची बाई आहे, भावकी आंब्याखाली बसलीय, एका दमात दोन्हीकडची तोंडं बंद.

"उचला आबा," तो मोठ्यानं म्हणाला, "व्हऊ दे एकदाचं खरंखोटं." मग बापाच्या कानाशी वाकला. हळू बोलायची त्याला सवयच नव्हती, त्यामुळं त्याची कुजबुज ओसरीभर ऐकू आली. "डाव्या हातात घ्या. डाव्याचा दोष लागत न्हाई."

म्हणजे याचा हिशोब असा होता. शपथ उजव्या हाताची. उजवा तर मेलेला. डाव्या हातानं उचललेला भंडारा देवाच्या दृष्टीनं उचललेलाच नाही, पण गावाच्या दृष्टीनं उचलला. बाप पापातून सुटला, रान आपलं राहिलं. मला त्याचा राग आला आणि थोडं हसूही आलं, कारण तो मनापासून असं मानत होता. खोटं बोलवतानाही बापाला नरकात जाऊ द्यायचं नव्हतं त्याला.

मी म्हणाले, "हे असलं इथं चालायचं नाही. शपथ मी दिलेली आहे. ठेवा ती पुडी."

"तुमची शपथ तुमच्या कागदाला, म्याडम," तो म्हणाला. "आमच्यात ही लागती."

माझी शपथ घेऊन डोळ्याची पापणी न लववता खोटं बोलणारी माणसं मी अख्खं आयुष्य बघत आलेय. त्यातली निम्मी भंडाऱ्याला हात लावायची वेळ आली तर घामाघूम झाली असती. दोन्ही वकिलांकडे बघितलं. तरुण वकील आ वासून बसला होता. ज्येष्ठांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता.

आबांनी डावा हात पुढे केला. मुलानं त्यावर पुडी सोडायला वाकवली तर त्यांनी हात मागे घेतला. मग त्या डाव्या हातानं त्यांनी आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला, स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि आखडलेली बोटं एकेक करून सोडवायला लागले. बोटं परत परत मिटत होती. ते परत सोडवत होते. कुणीही मदतीला गेलं नाही, मुलगाही नाही. अखेर तळवा उघडा झाला, तेव्हा डाव्या हातानं तो तसाच दाबून धरून ते मुलाला म्हणाले, "हितं टाक."

मुलानं मागं वळून बघितलं. टाकला त्यानं भंडारा. न टाकून जातो कुठं, भावकी उठून ओसरीच्या कडेला आली होती.

"वाट हाय," आबा म्हणाले. एकेक शब्द चावून, पण अगदी स्पष्ट. "म्याच दिली. धाकट्याला. वाटणीच्या वक्ताला."

मी लिहिलं. मुलगा ओरडला, "आबा, आवं काय बोलताय!" त्याच्या वकिलांनी हरकत घेतली, साक्षीदाराची मनःस्थिती ठीक नाही. कमिशनरनं हरकतीवर निर्णय द्यायचा नसतो, ती लिहून पुढं जायचं असतं. मी हरकतही लिहिली. सगळी साक्ष आबांना वाचून दाखवली. हळदीनं पिवळ्या झालेल्या डाव्या अंगठ्याला शाई लावून अंगठा घेतला. बाई खांबाला धरून खाली बसली होती आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडत होती.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. कमिशनरला आनंद होता कामा नये. गाडीत बसल्यावर मी एकटीच "शाब्बास रे म्हाताऱ्या" असं मोठ्यानं म्हणाले आणि ड्रायव्हर आरशातनं बघायला लागला.

मला वाटलं, झालं. सुटली बाई. पण कसलं काय. मुलानं डॉक्टरचा दाखला आणला की लकव्यानंतर बापाला भ्रम होतो. त्यावर युक्तिवाद झाले. न्यायाधीश बदलून गेले, नवे आले, पुन्हा पहिल्यापासून युक्तिवाद. निकाल बाईच्या बाजूनं लागला तेव्हा मुलगा अपिलात गेला आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत स्थगिती मिळाली. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. मधल्या काळात वडूजच्या एका दाव्यात माझ्या खासगी पक्षकाराच्या वतीनं मीच लिहून देत होते की सदर मिळकतीत वाट कधीही नव्हती. तो सांगत होता ते खरं असेलही. मी त्याची वकील होते, लिहिणं माझं काम होतं. पण ते लिहिताना जीव विटून गेला.

बाई मला अधूनमधून सांगलीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात दिसायची. मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसलेली. ती माझी पक्षकार नव्हती, तिच्याशी दाव्याबद्दल बोलायची मला मुभा नव्हती. तिलाही ते कुणीतरी सांगितलं असावं. ती फक्त एवढंच म्हणायची, "म्याडम, औंदा दावण्या लय हाय." मी मान डोलवायची आणि पुढं जायची. माझी पक्षकार असती तर मी त्या स्थगितीवर तुटून पडले असते, रोज उठून तारीख लवकर मागितली असती. नव्हती ती माझी. पुढच्या वर्षी ती म्हणाली, "औंदा निम्मी बाग गेली." त्याच्या पुढच्या वर्षी काहीच बोलली नाही. नुसती हसली. त्या हसण्यानं मला भीती वाटली होती.

शेवटी अपील फेटाळलं. मग वाट किती रुंद, यावर वाद. जागा यांना माहीत आहे म्हणून कोर्टानं पुन्हा मलाच नेमलं. मोजणीदार बरोबर घेऊन जायचं, ट्रॅक्टर ट्रॉलीसह जाईल एवढी वाट चुन्याच्या फक्कीनं आखून द्यायची, चर बुजवून घ्यायचा आणि पंचनामा करायचा.

सकाळीच पोचलो. मोजणीदारानं टेप लावला, फक्की टाकली, खुणेचे दगड रोवले. मुलगा बाजूला उभा राहून सगळं मुकाट बघत होता, त्याचाही दम संपला होता बहुतेक. जेसीबी आला आणि ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं तो चर चहा गार व्हायच्या आत बुजला. मी आखलेल्या वाटेनं चालत मागच्या रानात गेले.

बाग नव्हती.

वेली मुळासकट काढून एका बाजूला ढीग घातला होता. मांडवाचे लोखंडी अँगल उपटून रचून ठेवले होते, तारांची वेटोळी केली होती. रान उघडं पडलं होतं. बाई ढिगाऱ्याजवळ उभी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून एकच निघालं, "अहो, हे कधी?"

"दिवाळीच्या पुढं," ती म्हणाली. "किती दिस पाठीवर वढायचं, म्याडम? मोडली बाग. लोखंडाचं गिऱ्हाईक आलंय, पर वाट नव्हती न्यायला." तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. थकली होती नुसती. रस्त्याकडून ट्रॅक्टर आला, गडी ट्रॉली भरायला लागले. कोर्टानं दिलेल्या वाटेनं पहिली गाडी गेली ती ही.

पंचनाम्यावर सह्या घ्यायच्या होत्या म्हणून सगळे घरी आलो. आबांची खाट तिथंच होती. ते आता फार सुकले होते, डोळ्यांनी दिसत नव्हतं. मी त्यांच्या अंगठ्याला शाई लावत होते आणि बाहेरून, त्यांच्या बांधावरून, ट्रॅक्टर जायला लागला. भरलेली ट्रॉली, खडखडत. आबांनी मान उचलली.

"गाडी चालली का?" त्यांनी विचारलं. "माल निघाला व्हय?"

मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी कागद हातात धरून बसले. काय सांगायचं या माणसाला, ज्यानं मेलेला हात उचलून खरं सांगितलं होतं?

त्या घरात धाकट्याच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर येऊन बोलायची रीत नाही. दावा चालला तेवढी वर्षं ती त्यांच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. ती ओसरी चढून आली, पदर पुढं ओढला आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

"व्हय भावजी," ती म्हणाली. "निघाला माल. घड लय चांगलं लागलं औंदा."

आबांनी जन्मभर शेती केली होती. क्रेट वाजतात कसे आणि लोखंड वाजतं कसं, हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. ट्रॉली लांब जाईपर्यंत ते ऐकत राहिले.

"मग बरं झालं, पोरी," ते म्हणाले, आणि डाव्या हातानं डोळे पुसले.